मेजर प्रतापसिंहांचा उजवा हात

मी एक हात बोलतोय. उजवा. आत पोलाद, वर काळं रबर, आणि खांद्याच्या टोकाला माणसाच्या नसांत शिरणाऱ्या केसाएवढ्या तारा. आता त्या तारा कुठेच जोडलेल्या नाहीत. चेन्नईच्या एका कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत मी फळीवर पडून आहे. शेजारी एक गंजलेला कोयता आणि कुणाची तरी फुटकी मोटरसायकलची टाकी. बोलण्याचंही त्राण उरलेलं नाही, पण गोष्ट माझ्याखेरीज पूर्ण कुणाला ठाऊक नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म चेन्नईजवळच्या आवडी गावाच्या बाजूला एका सरकारी कार्यशाळेत झाला. मला घडवलं विद्युलताबाईंनी. त्या मूळच्या मिरजेच्या, नोकरीपायी इकडे आलेल्या. सरहद्दीवर हात गमावून आलेले जवान त्यांनी पाहिले होते, आणि त्यांना नुसता लाकडी ठोकळा देऊन घरी पाठवणं त्यांना पटत नव्हतं. मनात आलं की मूठ वळली पाहिजे, असा हात त्यांना हवा होता. तसा मी झालो. असा हात तेव्हा जगात दुसरा नव्हता.

एकच अडचण होती. तारा नसांना जोडल्या की माणूस घाबरायचा, आणि तो घाबरला की मी थरथर कापायचो. म्हणून बाईंनी खांद्यापाशी एक बारीकशी कळ बसवली. ती दाबली की डोक्यातली भीती घटकाभर निजायची, आणि मी स्थिर व्हायचो.

मी ज्यांच्या वाट्याला आलो ते मेजर प्रतापसिंह. तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. पूर्वज फौजेबरोबर आले ते तिथलेच झाले. घरात अजूनही ‘येतों, जातों’ अशी जुनी मराठी, मध्येच तमिळ. डोंगरातल्या लढाईत शत्रूचा एक जखमी सैनिक सुरुंगांच्या पट्ट्यात पाणी पाणी करत पडला होता. त्याला आणायला हे आत गेले. सैनिक वाचला, यांचा हात गेला.

“ही कळ फक्त सुरुवातीला वापरायची, मेजरसाहेब,” विद्युलताबाई म्हणाल्या. “पुढे हाताची सवय होईल.”

“कळ लागायचीच नाही, मॅडम. भीती असूं दे. ती राखण करते.”

आणि खरंच, त्यांनी कळीला बोटही लावलं नाही. मी कापायचो, ते थांबायचे, पुन्हा प्रयत्न करायचे. वेलचेरीच्या त्यांच्या घरात मी कॉफीचा टंबलर धरायला शिकलो. हरिप्रिया, त्यांची शाळकरी लेक, तिच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा माळायला शिकलो. पहिल्यांदा माळला तेव्हा निम्मी फुलं चुरगळली. ती हसत म्हणाली, “अप्पा, तुमचा हात मस्तीखोर आहे.” ते माझे चांगले दिवस.

मग त्या डिसेंबरातला रविवार आला. मंडळी चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्रावर गेली होती. मेजरांच्या पत्नी सकवारबाई आणि हरिप्रिया वर रस्त्याच्या कडेला इळनीर, म्हणजे शहाळं, पीत होत्या. समुद्र एकाएकी मागे सरला. कोळ्यांची पोरं उघड्या पडलेल्या वाळूत मासे वेचायला धावली. मेजरांना काय समजलं कोण जाणे, ते ओरडत कोळीवाड्याकडे पळत सुटले.

पाणी आलं ते भिंतीसारखं. एक होडी उलटून घराच्या भिंतीशी अडकली होती, आणि तिच्याखाली कृष्णवेणी नावाची कोळीण चेंगरली होती. तिनं आपलं तान्हं मूल दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं. मी होडी उचलली. मेजर थरथरत होते, मीही थरथरत होतो, तरी उचलली. त्यांनी मूल डाव्या हातात घेतलं आणि माझ्या मुठीत कृष्णवेणीचा दंड. तेवढ्यात दुसरी लाट आली.

मी सोडलं नाही. मी पोलादाचा. डावा हात हाडामांसाचा होता.

कृष्णवेणी वाचली.

पुढे सत्कार झाले. मला हार घातले. पेपरात माझा फोटो आला. सभेतून घरी आल्यावर मेजर डावा हात मांडीवर उताणा ठेवून बघत बसायचे. सकवारबाई जेवायला हाक मारायच्या, ते यायचे नाहीत. नळाचं पाणी जोरात आलं तरी दचकायचे. एका सकाळी न्हाणीघरात बादली भरत होती, आणि त्या आवाजानं ते भिंतीला धरून खाली बसले. तिथे त्यांनी पहिल्यांदा कळ दाबली.

सगळं शांत झालं. माझी बोटं दगडासारखी स्थिर. ते उठले, आंघोळ केली, बाहेर येऊन पोटभर इडल्या खाल्ल्या. सकवारबाईंनी तुळजाभवानीपुढे साखर ठेवली. नवरा परत मिळाला असं त्यांना वाटलं.

सुरुवातीला सकाळी एकदा. मग झोपायला जाताना. मग फोन वाजला तरी. बाईंची कळ भीती निजवायला होती, पण माणसाच्या आत भीती काही वेगळ्या खोलीत राहत नाही. तिच्या शेजारी दुःख निजलं, मग माया, मग लाज. सायकलवरून पडून हरिप्रियाचा गुडघा फुटला, तेव्हा मेजर म्हणाले, “ऊठ.” बस्स, एवढंच. ती रडायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

पुढच्या पावसाळ्यात वेलचेरी पाण्याखाली गेली. तळमजल्यावर चंद्रमौळी नावाचे म्हातारे एकटे राहायचे. त्यांच्या घरात पाणी कमरेपर्यंत चढलं आणि ते खिडकीच्या गजांना धरून हाका मारू लागले. मेजर वर गॅलरीत कॉफी पीत उभे होते. टंबलर माझ्या मुठीत होता, जरासुद्धा हिंदकळत नव्हता.

“अहो, ऐकूं येतंय ना?” सकवारबाईंनी विचारलं.

“येतंय.”

“मग?”

“मग काय?”

सकवारबाईंनी एक क्षण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर खोचला, कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि स्वतः खाली उतरल्या. म्हाताऱ्याला त्यांनी आणि शेजारणीनं ओढून जिन्यावर आणलं. मेजरांनी कॉफी संपवली आणि टंबलर धुऊन पालथा ठेवला.

त्याच सुमारास एक खाजगी कंपनी त्यांना शोधत आली. एन्नोरच्या खाडीकाठी तिला आपला कोळशावरचा वीजप्रकल्प वाढवायचा होता, आणि कोळीवाडे हटत नव्हते. रक्षकांच्या तुकडीला त्यांना असा प्रमुख हवा होता ज्याचं लोकांत नाव आहे आणि ज्याचा हात कापत नाही. कंपनीला मीही हवा होतो, आणखी जोरकस, आणि कळ कायमची दाबलेली.

मेजर विद्युलताबाईंकडे गेले. बाईंनी साफ नकार दिला. “मी हात दिला होता, मेजरसाहेब. हत्यार नाही दिलं.” मेजर नमस्कार करून निघाले. कंपनीच्या माणसांनी मला उघडलं आणि हवं ते करून घेतलं. तेव्हापासून ती कळ वर आलीच नाही.

एन्नोरला पहिले काही आठवडे मेजर कोळ्यांच्या म्हाताऱ्यांसोबत वाळूत बसत. जुनी सवय होती ती. पुढे त्यांना वाटू लागलं की बोलण्यात वेळ जातो. राखेनं खाडी काळी झाली, मासळी मेली, लोक होड्या आडव्या लावून रस्त्यात बसले. वरून हुकूम आला, होड्या फोडा. भर दुपारी मेजर पुढे झाले, आणि मी फोडत गेलो. फळ्या पापडासारख्या मोडत होत्या.

एका होडीच्या काठाला एक बाई दोन्ही हातांनी लटकली होती. कृष्णवेणी. लाटेनंतर कोवलम सोडून ती इथे बहिणीकडे राहायला आली होती.

“अय्या!” ती म्हणाली, तमिळमध्ये ‘साहेब’ म्हणतात तसं. “मला ओळखलं नाहीत? तुम्हीच मला बाहेर ओढलं होतं.”

“ओळखलं,” मेजर म्हणाले. “हात सोड.”

“माझ्याकडे एवढीच होडी आहे, अय्या.”

“सोड.”

तिनं सोडलं नाही. मेजरांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एकेक करून तिची बोटं काठावरून सोडवली. माझ्या मुठीत ती बोटं मोडली. त्या आवाजानं रक्षकांतला एक जण मागे वळून ओकला. मेजरांची नाडी माझ्या तारांतून मला कळायची. ती जराही वाढली नव्हती.

टीव्हीवर ते दिसलं. कंपनीनं मेजरांची पाठ थोपटली आणि असे आणखी हात बनवायचं ठरवलं. सकवारबाईंनी पेटी भरली. “मी लढवय्याशी लग्न केलं होतं,” त्या म्हणाल्या. “हा कोण आहे, मला ठाऊक नाही. तो हात काढून ठेवा. एक दिवस तरी.”

“का?”

“वेंडाम, नको आता. पुरे झालं मला.” त्यांनी हरिप्रियाला घेतलं आणि तंजावरची गाडी धरली.

मेजर रिकाम्या घरात उभे राहिले. या खोलीतून त्या खोलीत गेले. लेकीची राहिलेली रिबन उचलली, पाहिली, जागेवर ठेवली. ते कशाची तरी वाट बघत होते. ते आलं नाही. तेव्हा ते विद्युलताबाईंकडे गेले.

“कळ बंद करा, मॅडम.”

बाईंनी कळीच्या तारा कापल्या. “आता एकदम सगळं अंगावर येईल,” त्या म्हणाल्या. “घट्ट बसा. मी इथे आहे.” मेजर खुर्चीत डोळे मिटून बसले. बाई समोर उभ्या. बाहेर चहावाला येऊन गेला. बऱ्याच वेळानं मेजरांनी डोळे उघडले.

“काही येत नाही, मॅडम,” ते म्हणाले.

रडल्या त्या बाईच.

त्यांनी मला खांद्यावरून उतरवलं. मेजरांनी मला साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातलं आणि चालत पोलीस ठाण्यात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. केलेलं सगळं त्यांनी सांगितलं, एखाद्यानं बाजाराची यादी सांगावी तसं.

खटल्यात मला टेबलावर ठेवलं. कृष्णवेणी साक्षीला आली. तिची बोटं वाकडी जुळली होती. “हाच तो हात का?” वकिलांनी विचारलं.

“हाच,” ती म्हणाली. “यानं मला पाण्यातून काढलं, आणि यानंच माझी बोटं मोडली. लिहायचं तर दोन्ही लिहा.”

न्यायाधीशांनी मेजरांना विचारलं, केल्याचा पश्चात्ताप होतो का? ते विचारात पडले. “व्हायला हवा, एवढं कळतं,” ते म्हणाले. त्यांना शिक्षा झाली. त्यांनी अपील केलं नाही.

सकवारबाई अधूनमधून तुरुंगात भेटायला जातात, असं विद्युलताबाई माझी पाहणी करायला आल्या तेव्हा कारकुनाला सांगत होत्या. मेजर दर वेळी एकच विचारतात: “माझ्या शिक्षेचं ऐकून हरिप्रिया रडली का?” सकवारबाई विचारतात, कशाला हवं तुम्हाला? ते म्हणतात, “कशी रडली ते नीट सांग. कसं असतं ते आठवून बघतों.”

माझा निकाल अजून लागायचा आहे. कंपनीनं अर्ज केलाय की हात परत द्या, त्यावरून पुढचे बनवायचे आहेत. विद्युलताबाईंनी अर्ज केलाय की हात वितळवून टाका. ज्यांनी मला जन्म दिला त्याच माझं मरण मागताहेत, आणि मला त्यांचा राग येत नाही.

ज्यांच्यापुढे हे कागद येतील त्यांना माझी हात जोडून विनंती करायची होती. पण मी एकटाच आहे, जोडायला दुसरा नाही. म्हणून तोंडीच सांगतो: बाईंचं ऐका. मला भट्टीत घाला. आणि तोवर कुणी धडधाकट, भला, पण मनातून धास्तावलेला माणूस या खोलीत आला, तर त्याला माझ्याजवळ फार वेळ उभं राहू देऊ नका.