पहिल्या प्रकरणातल्या चामखिळी

परळच्या एका इस्पितळात तळमजल्यावर रेकॉर्ड खातं होतं, आणि तिथे बसून बुधाजी रोगांना आकडे द्यायचा. डॉक्टरने केसपेपरवर रोगाचं नाव लिहायचं, बुधाजीने विलायतेहून आलेल्या जाडजूड पुस्तकात त्या नावापुढचा आकडा शोधायचा आणि रजिस्टरात चढवायचा. गिरणी कामगारांच्या दाखल्यावरही नुसता आकडाच जायचा. माणसाचा रोग चारचौघांत नको म्हणून. चार वर्षांत बुधाजीचा एकही आकडा चुकला नव्हता.

परीक्षेत पहिला येऊन तो त्या खुर्चीवर बसला होता. तरी पाठीमागे ‘त्यांच्यातला’ हा शब्द अधूनमधून ऐकू यायचाच. वर्षापूर्वी तो घरच्यांबरोबर बौद्ध झाला, तेव्हा लोकांनी शब्द बदलला, सूर नाही बदलला. कामात मात्र कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तो बाकीच्या कारकुनांबरोबर खांद्याला खांदा लावून चालला, घसा बसेपर्यंत ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यांचे डबे खिडकीपाशी उघडले आणि बुधाजीचा कपाटांच्या मधल्या बोळात. एकटं जेवायची सवय होते म्हणतात. त्याला झाली नव्हती.

एका सोमवारी बकुळाबाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. करी रोडला राहणारी, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम करणारी मालवणकडची विधवा बाई. बोटांवर चामखिळी आल्या होत्या. घोड्याचा केस बांधून झाला, चुना लावून झाला, शेवटी इथल्या डॉक्टरने त्या जाळल्या. हात बरा झाला होता आणि काम मात्र गेल्यात जमा होतं.

“गेटवरचो बाबू म्हणता, ह्यो आकडो साथीचो. आत येव नको,” ती म्हणाली. “नळावर बायका माझी कळशी बाजूक करतत. चामखिळी बोटांक होत्यो दादा, कळशेक नाय.”

बुधाजीने दाखला पाहिला. आकडा बरोबर होता. चामखीळ एकापासून दुसऱ्याला होते, म्हणून पुस्तकाने ती कातडीच्या रोगांत न घालता पहिल्या प्रकरणात, देवी आणि पटकीच्या पंगतीला बसवली होती. गिरणीच्या कचेरीत पुस्तक नव्हतं, एक पानी यादी होती: पहिल्या प्रकरणातला आकडा दिसला की माणूस बाहेर. एवढ्यावर त्या कचेरीची अक्कल संपत होती.

“डॉक्टरांची चिठ्ठी न्या ना. बरी झाली म्हणून.”

“न्हेली. चिठ्ठी नको म्हणाले, आकडो बदलून आण. शनवारपर्यंत. नायतर नाव काढतले. माका दुसरा कोण नाय.”

ती रडली असती तर बुधाजीला सोपं गेलं असतं. ती नुसती उभी होती, हात पदराखाली लपवून. हात बरे झालेत हे तिचं तीच विसरली होती.

कातडीच्या प्रकरणात कुरूप आणि घट्टे यांना वेगळा आकडा होता. निरुपद्रवी, एकापासून दुसऱ्याला न होणाऱ्या दुखण्याचा. बुधाजीने नवा दाखला घेतला आणि त्यावर तो आकडा लिहिला. गिरणीतून कुणी पडताळायला आलं तर जुळावं म्हणून रजिस्टरातही तोच केला.

“आजपासून तुमच्या हाताला घट्टे आहेत,” तो म्हणाला. “कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं.”

बकुळाबाई शुक्रवारी कामावर लागली. हे त्याला तिच्या खात्यातल्या एका पेशंट बाईकडून कळलं. ती स्वतः पुन्हा आली नाही. बऱ्या झालेल्या माणसाने इस्पितळात कशाला यावं? तरी आठवडाभर बुधाजी दाराकडे बघत राहिला.

महिनाअखेरीस हेडक्लार्क शरच्चंद्र रजिस्टर आणि केसपेपर ताडून बघायला बसले. हा गृहस्थ मनाने चांगला, कुणावर आवाज चढवायचा नाही.

“बुधाजी, हे काय रे? डॉक्टरांनी चामखिळी लिहिल्यात आणि तू घट्टे चढवलेस.”

खिडकीपाशी कारकुनांनी लेखण्या खाली ठेवल्या. बुधाजीला ते पुस्तक तोंडपाठ होतं. चूक नाही साहेब, जाणूनबुजून केलंय, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं. पण ते बोललं, की साहेबांना गिरणीला पत्र धाडणं भाग होतं. नजरचुकीला तांबड्या शाईची एक रेघ पुरत होती.

“चूक झाली, साहेब.”

शरच्चंद्रांनी रेघ मारली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्यातल्या माणसाने चार वर्षं इतकं चोख काम केलं, हेच पुष्कळ आहे.”

ते अगदी मायेने म्हणाले. खिडकीपाशी दोघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. बुधाजीने रेघेशेजारी सही केली. शिवी दिली असती तर त्याला उलट बोलता तरी आलं असतं.

डिलाईल रोडच्या खोलीत त्याचे वडील, नाना, वाट बघत बसले होते. पोरगा पुस्तकातून रोग ओळखतो, हे ते सगळ्या चाळीला सांगायचे.

“बरा गेला का रे दिवस? काय चुकलं-बिकलं नाय ना?”

“नाही, नाना,” बुधाजी म्हणाला. “काही चुकलं नाही.”

ते खरं होतं. आणि ते खरं आहे हे इस्पितळात किंवा चाळीत त्याच्याखेरीज कुणालाही कधी कळणार नव्हतं.