ओरडेपर्यंत

मोताळ्याच्या बाजारात मिरची विकून उकंडराव पायीच रोहिणखेडला परतला, तेव्हा ओसरीवर त्याच्यामागे रक्ताचे ठसे उमटत गेले. फक्त डाव्या पायाचे. बायकोने, बनाबाईने, वहाण ओढली तर तळातून वर आलेला पेरभर खिळा टाचेत रुतलेला. खिळा उपसताना तिनेच डोळे मिटले. उकंडराव तंबाखू मळत होता.

"आवो, दुखून नाई राह्यलं काय?"

"काय दुखते?" त्याने खाली पाहिलं आणि मळता हात थांबला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा पाठचा भाऊ शेषराव बसला होता. त्याने खिळा पाहिला, रक्त पाहिलं, भावाचा थंड चेहरा पाहिला. काकासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या आपल्या मुलीला त्याने दंडाला धरून मागे ओढलं. पाणी सगळं सांडलं.

अडुसष्ट सालची गोष्ट. त्या मुलीचं लग्न आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ठरलं होतं. आणि बधिर पाय म्हणजे महारोग, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. नाल्यापलीकडे एक झोपडी होती. तिच्यात गावाने एका माणसाला सहा वर्षं ठेवलं होतं. भाकरी लांबून फेकायचे. तो मेल्याचं माणसांच्या आधी कुत्र्यांना कळलं.

उकंडरावला मात्र एक वेगळंच कोडं पडलं होतं. जो पाय खिळा ओळखत नव्हता, तोच पाय दिवसभर पेटलेला असायचा. कुणी ठेचलेली मिरची चोळून वर फडकं बांधावं तसा. मेलेली जागा जळते कशी? तो मळ्यात एकटा बसून बाभळीचा काटा घ्यायचा आणि अंगठ्यापासून वर वर टोचत जायचा. टोचलेलं पहिल्यांदा कळे तिथे कोळशाची रेघ. डाव्या पायाची रेघ घोट्यावर चार बोटं. उजव्याचीही चार. पंधरा दिवसांनी दोन्ही पाच. अंगावर चट्टा कुठेच नाही. पुढे हाताच्या बोटांची टोकंही विस्तवाला ओळखेनात, तीही दोन्हीकडे सारखीच.

"रोग असा मोजूनमापून येते काय?" त्याने बनाबाईला विचारलं.

"मले नका विचारू. भाऊजीनं मोतीरामले सांगावा धाडला."

मोतीराम म्हणजे डाग देणारा. बैलाचा खांदा असो की माणसाची कंबर, विळा लाल करून दुखऱ्या जागी टेकवायचा. त्याचा कायदा एकच होता. माणूस ओरडला की विळा उचलायचा. ओरडला म्हणजे मांस जिवंत.

"अन् नाई ओरडला तर?"

बनाबाई नाल्याकडे पाहत राहिली.

तेव्हाच त्याने ठरवलं, ओरडायचं. पालथं पाडल्यावर दिसणार नव्हतं, पण कान शाबूत होते. चर्र झालं की बोंब ठोकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चौघे त्याच्या अंगावर बसले, एक थेट मानेवर. मोतीरामने धोतर वर सारलं आणि कोळशाच्या रेघा पाहून म्हणाला, "हे काय बे, तलाठ्यानं मोजणी केली काय?" अंगण हसलं.

पहिला डाग पोटरीवर बसला, रेघेच्या वर. उकंडरावच्या तोंडून खरी किंकाळी फुटली, माती दातांत आली. विळा लगेच उचलला गेला.

"जिता हाय!" मोतीराम म्हणाला.

"खाली दे," शेषराव म्हणाला. "तळपायाले."

निखारे फुंकल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली, थांबली. चर्र झालं. उकंडराव जीव खाऊन ओरडला, "मेलो रे माय!"

मग मानेवरचा माणूस फिस्सकन हसला. शेषरावने खुणेनेच विळा पाण्याच्या बादलीत बुडवायला लावला होता. पायाला काही लागलंच नव्हतं.

"काऊन दादा, पाणी पोळलं काय तुले?" शेषराव त्याच्या कानाशी वाकला. "माह्या पोरीच्या जिवावर नाटक करून राह्यला तू? मोतीराम, आता खरंच दे."

विळा पुन्हा लाल झाला आणि डाव्या तळव्यावर बसला. चर्र या वेळीही झालं. पण कोणतं चर्र खरं आणि कोणतं पाण्याचं, हे उकंडरावला ठरवता येईना. तो गप्प राहिला. मोतीरामही कायद्याने वाट पाहत राहिला. त्याला विळा उचलायला एक ओरडणं हवं होतं. कातडं गेलं, खालची चरबी तडतडली.

"उचला रे मुडद्याहो!" बनाबाई दारातून किंचाळली. पण रोग्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या ओरडण्याने विळा उचलायचा नसतो.

वास नाकात गेला तेव्हा उकंडरावला कळलं, तो कशाचा आहे. त्याने मानेवरच्याला उलथवलं, अंग वळवलं आणि विळा धरला. मूठ मोतीरामकडे होती, याच्या बोटांत पातं आलं. बोटांतून धूर निघाला. बोटांना पत्ता नव्हता. त्याने विळा हिसकला, शेषरावचा पाय ओढून त्याला आडवा पाडला आणि पातं त्याच्या तळव्यावर दाबलं.

शेषरावची किंकाळी नाल्यापलीकडे गेली.

"तू जिता हायेस," उकंडराव म्हणाला. "उचलतो." आणि उचलायला त्याने एक श्वास उशीर केला.

मग लोकांनी त्याला काठ्यांनी झोडपलं. दोन बरगड्या मोडल्यावर तो हलायचा थांबला. बनाबाईने एकटीने त्याला बैलगाडीत घातलं.

सरकारी दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. तिथल्या तरुण डॉक्टरने कापूस फिरवला, टाचणी टोचली, कोपराजवळची शीर चाचपून पाहिली. महारोगात ती जाड होते, याची नव्हती. मग त्याची नजर पुसट रेघांवर गेली.

"या कुणी काढल्या?"

"म्या. पंधरा दिवसाले बोटभर चढते, साहेब."

डॉक्टर स्टूल ओढून बसला. "कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"टीबीच्या. वर्ष झालं. खोकला गेला."

"खोकला गेला आणि पाय घेऊन गेला. महारोग चट्ट्याचट्ट्याने जागा धरतो. तुझं मोजा घातल्यासारखं चढलंय, दोन्ही पायांत सारखं. ती गोळी अंगातलं एक जीवनसत्त्व कमी करते. त्यावाचून सगळ्यांत लांबच्या शिरा आधी उपाशी पडतात."

"मंग जळते काऊन?"

"अर्धमेली शीर उगाच ओरडत राहते. कुणी हात लावो, न लावो."



गोळी बदलली, जीवनसत्त्वाची दुसरी गोळी जोडली गेली. महारोग नाही, असा कागद घेऊन तो गावी आला. तोवर मुलीचं लग्न मोडलं होतं. शेषरावने कागद फाडला. "ओरडणं खोटं, तसा कागदही खोटा," तो म्हणाला आणि गावाने मान डोलावली. नवराबायको नाल्यापलीकडच्या झोपडीत गेली. विहिरीवर गेलेल्या बनाबाईला दोनदा धोंडे बसले, एक कपाळावर.

उकंडराव मोजत राहिला. पोळ्याला रेघ होती तिथेच थांबली. दिवाळीला ती घोट्यावर उतरली, होळीला बोटांच्या मुळाशी. एके सकाळी बनाबाईने उजव्या पायाला काटा टोचला आणि तो कळवळला.

"खरं की नाटक?" तिनेही विचारलं.

त्याने डोळे मिटले. "टोच. बोट मी सांगतो."

बारा वेळा टोचल्यावर अकरा वेळा त्याने बरोबर बोट सांगितलं. बनाबाई तशीच उठली, विहिरीवर गेली आणि सगळ्या बायकांदेखत शेषरावच्या घराकडे तोंड करून ओरडली, "भाऊजी, मर्द असान तर येऊन टोचून पाहा!"

शेषराव लंगडत आला. अंगावर बसलेले चौघेही मागून आले. त्याने स्वतःचा काटा आणला होता, हिवराचा, बोटभर लांब. उकंडरावचे डोळे त्याने स्वतः करकचून बांधले.

"ओरडू नको. तुह्या ओरडण्यावर कोणाचाच भरवसा नाई."

उकंडरावने गमछा दातांत धरला. शेषराव त्याच्या पायाशी बसला. मग त्याने तोंडाने आवाज काढला, "चर्र!" चौघे हसले. उकंडराव हलला नाही.

मग शेषरावने मोडलेल्या लग्नाचा सगळा जोर लावून काटा उजव्या तळव्यात घातला.

पाय आपणहून उसळला. मालकाला न विचारता टाच मागे आली आणि तशीच पुढे सुटली, ती शेषरावच्या तोंडावर बसली. तो पाठीवर पडला. उठून थुंकला तेव्हा रक्तासोबत दात पडला. कुणी हसलं नाही. काटा आतच मोडला होता आणि पाय अजून थरथरत होता.

शेषराव त्या थरथरत्या पायाकडे पाहत राहिला. मग त्याने पाय मांडीवर घेतला आणि काट्याचं टोक नखांत धरलं.

"वयनी," तो तोंड पुसत म्हणाला, "भांडीकुंडी उचला. घरी चाला."