एक चौरस सेंटिमीटर

आमच्या प्रयोगशाळेत दादा सोलर सेल बनवायचा आणि मी ते मोजायचो. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मला तिथे चिकटवलं तेही त्यानेच. सिलिकॉनच्या चकतीवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर चढवला की दोन्ही मिळून त्याच उन्हातून जास्त वीज काढतात. सांगायला सोपं. त्या थरापायी दादाने बारा वर्षं घासली, आणि दोन वर्षं झाली तरी उन्हाची वीज होण्याचा आकडा तेहतीस टक्क्यांवरून काही केल्या हलेना.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात त्याने शेवटचे सहा सेल बनवले. मी मोजले. तेहतीस पूर्णांक सहा. हे सांगितलं तेव्हा दादा पलंगावर लहान मुलासारखा रडला. वहिनी तर येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला धरून आकडा सांगायची. प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्या आकड्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज लिहायला घेतला, पहिलं नाव दादाचं.

आता माझा शहाणपणा ऐका. मोजताना सेलवर एक पत्रा ठेवतात. त्याला बरोबर एक चौरस सेंटिमीटरचं भोक असतं, तेवढाच उजेड आत जातो आणि तेवढ्यावरच हिशेब होतो. मी पडलो टापटिपीचा. भोकाच्या काठावर डाग नको म्हणून दर शनिवारी तो पत्रा पॉलिश पेपरने घासत बसायचो. अर्जासाठी माप हवं म्हणून भोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. चारी बाजूंनी ते कागदाच्या जाडीएवढं वाढलं होतं. उजेड जास्त शिरत होता आणि कौतुक सेलचं होत होतं. पुन्हा हिशेब केला. बत्तीस पूर्णांक सहा. म्हणजे दादाच्या जुन्या आकड्यापेक्षाही कमी.

साहेब म्हणाले, "अर्ज मी थांबवतो. त्याला आत्ता काही बोलू नकोस."

वहिनीनेही हात जोडले. पण माझ्या पोटात काही राहत नाही. शिवाय मोजणाऱ्याने आकड्याचे लाड करायचे नाहीत, हे मला दादानेच पहिल्या दिवसापासून बजावलेलं. संध्याकाळी त्याने विचारलं, "प्रमाणपत्राचं कुठवर आलं?" आणि मी सगळं ओकून मोकळा झालो.

तो चिडला असता तर परवडलं असतं.

"मग खरा किती?"

"बत्तीस सहा."

"पत्रा घासायला कुणी सांगितलं होतं रे तुला, गाढवा," असं म्हणून तो जरासा हसलासुद्धा. वहिनी पाणी घेऊन आली तर नको म्हणाला. शेवटी भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "थोडे दिवस थांबला असतास तर चाललं असतं."

त्यानंतर तो सेलबद्दल एक अक्षर बोलला नाही. सातव्या दिवशी गेला.

साहेब म्हणतात, तू खरं तेच सांगितलंस. मलाही कळतं ते. पण सात दिवस होते फक्त, आणि तेवढंही मला गप्प बसता आलं नाही.