सहा वाजताची लाईन

मंजुळाबाईंनी खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि तो काउंटरवर परत ठेवला.

“मध्येच तुटणार नाही ना?”

“हा नाही तुटत,” डोंबिवली स्टेशनजवळचा तो दुकानदार म्हणाला. “कॉम्प्युटरच्या आत बसवायचे स्वस्त मोडेम येतात, ते दर दहा मिनिटांनी मान टाकतात. हा बाहेर ठेवायचा. फोनची वायर ह्यात, ह्याची कॉम्प्युटरला. दिवे लागले की इंटरनेट चालू.”

कॉम्प्युटर श्रीपादचा होता. अमेरिकेला जाताना तो आईला देऊन गेला होता, म्हणजे न्यायचा राहिला होता. ठाण्याच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेल्या मंजुळाबाईंना कीबोर्डाची भीती नव्हती. त्याच्यावरचं कव्हर त्या दर शनिवारी धूत.

“एकच आहे, काकू. आधीच सांगतो, मागाहून लोक भांडायला येतात. हे चालू असेपर्यंत फोन लागत नाही. बाहेरून कुणीही केला तरी एंगेज.”

पर्स उघडता उघडता मंजुळाबाई थांबल्या.

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

“एकदासुद्धा वाजणार नाही?”

“नाही ना. कुणाचा फोन यायची वेळ असेल, तेव्हा बंद ठेवायचं.”

“हाच द्या,” त्या म्हणाल्या.

श्रीपादचा फोन रविवारी संध्याकाळी सहाला यायचा. दिवाळीपर्यंत यायचा. आता शिमगा जवळ आला होता. शेजारची नंदा दर रविवारी साडेसहाला डोकावून विचारायची, “काय म्हणतो श्रीपाद?” आणि मंजुळाबाईंची उत्तरं संपत आली होती. त्याला दोनदा सर्दी होऊन गेली होती. कामानिमित्त तो तीनदा बाहेरगावी जाऊन आला होता.

त्या रविवारी पावणेसहाला त्यांनी मोडेम लावला. शिट्ट्या मारून, खरखरून तो गप्प झाला. दिवे लागले. पडद्यावरच्या पत्रपेटीत इंटरनेट कंपनीचं एक स्वागताचं पत्र होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं. मग कित्येक रविवारांनी पहिल्यांदाच सहा वाजता फोनपाशी न बसता त्या स्वैपाकघरात गेल्या आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

साडेसहाला नंदा आली.

“काय म्हणतो श्रीपाद?”

“लागणार कसा गं त्याचा? ते बघ, इंटरनेट चालू आहे. लाईन एंगेज.” खरं बोलताना त्यांचा आवाज मोकळा लागला.

“अय्या, मग आमच्याकडे लावेल की! जाताना नंबर लिहून नेलाय त्याने. मागे तुमचा बंद होता तेव्हा केलेला, नाही का?”

मंजुळाबाईंचा हात थांबला. कढईत मोहरी तडतडून काळी पडायला लागली, तरी त्या कढईकडे नुसत्या बघत राहिल्या.

नंदाने गॅस बारीक केला.

“पण लावणार कसा म्हणा,” ती सावकाश म्हणाली. “आमचा मेला सकाळपासून डेड पडलाय. कंप्लेंट केलीय, पण येतात कुठे लवकर!”

दुपारी भिंतीपलीकडे नंदाचा फोन दोनदा वाजला होता. दुसऱ्यांदा ती मोठ्याने हसलेलीही ऐकू आली होती.

“हल्ली सगळ्यांचं असंच झालंय, बाई,” मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी दोन मुठी पोहे भिजत घातले. “बस. खाऊनच जा.”