पाठीमागच्या ओळी

भुतांचे सिनेमे मला आवडत नाहीत. भुताला घरभाडं नाही, सकाळी उठून कामावर जायचं नाही, मग लोकांना छळण्याखेरीज त्याने करायचं तरी काय? प्रेमाच्या विनोदी सिनेमांचं तर नावच काढू नका. दोन धडधाकट माणसं एकदा सरळ बोलली तर चहा निवायच्या आत मिटेल असं प्रकरण दोन तास चिघळत ठेवतात, आणि शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी मागे पळत सुटतं. पळणाऱ्याला धाप म्हणून लागत नाही. राहिला मोबाइल. त्या मेल्याने माणसांच्या माना खाली घातल्या त्या घातल्याच.

आणि माझं पोट चालतं ते याच तिघांवर, कारण ते सिनेमे लोक हल्ली मोबाइलवरच बघतात. मी सबटायटल्स लिहिते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. नुसते संवाद लिहून भागत नाही. दार करकरलं, कुत्रं भुंकलं, कुणी हुंदका गिळला, सगळं कंसात टाकावं लागतं. ऑफिस म्हणजे जिन्यावरची एक लांबट खोली. खिडकी उघडली तर रस्त्याचा आवाज आत येतो, म्हणून ती कायमची बंद. साहेबांचे नियम दोनच. जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहा, एकही शब्द बदलू नका. आणि पडद्यावर जे अजून कळलेलं नाही, ते तुम्ही आधी फोडू नका.

दुसरा नियम मी मोडला. एका बाईच्या घरात जिन्यावर पावलं वाजतात, कुणाची ते अगदी शेवटी कळतं, असा सिनेमा होता. माझा तो आधी बघून झालेला, डोकं उठलेलं. पहिल्याच पावलांखाली मी लिहून मोकळी झाले : (मेलेला नवरा जिना चढतो).

ते कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि सिनेमा तसाच बाहेर गेला. मग तक्रारींचा पाऊस.

"अहो, भूत तुम्ही पहिल्या रांगेतच आणून बसवलंत," साहेब म्हणाले. "आता हा पुढचा सिनेमा घ्या. प्रेमाचा आहे, विनोदी. ऐकू न येणाऱ्या माणसाने बघून मला पास म्हणून कळवलं तर तुम्ही इथे, नाहीतर दुसरीकडे बघा. तुमच्या बहिणीलाच दाखवा. त्या भीडभाड ठेवत नाहीत म्हणे."

माझ्या नोकरीवर आम्हा दोघींचं घर चालतं, आणि ती आता ताईच्या हातात गेली. मला हसू आलं नाही.

ताई माझ्यापेक्षा मोठी. एका तापात तिचे कान गेले, तेव्हापासून माझ्याकडे आहे. घरी शिवणकाम करते. बोलते अगदी पहिल्यासारखी, आणि समोर उभं राहून बोललं की ओठांवरून सगळं ओळखते. कानात घालायचं यंत्र तिला चालत नाही, नुसती घरघर होते म्हणते. हल्ली मात्र स्वतःच्या पैशांनी एक मोबाइल आणलाय. शिवणयंत्रावर, जेवायच्या टेबलावर, जाईल तिथे तो समोर उभा करून ठेवते. आरशात बघणाऱ्या पोरीसारखं तिचं लक्ष सारखं त्यात. मी विचारलं, काय बघतेस एवढं? म्हणाली, "माझी करमणूक."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ताईची पाठ फिरली की माझं तोंड सुटतं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून मी कावलेली असते. घरी आलं की भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी जे मनात येईल ते बोलते. कुजबुजत नाही, चांगलं खणखणीत बोलते. जिला ऐकूच येत नाही तिच्यामागे कुजबुजायचं कशाला?

रविवारी दुपारी सिनेमा लावला. ताई पुढे खुर्चीत, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. मी मागे इस्त्री करत उभी. पडद्याखाली माझ्या ओळी अगदी गरीब गायीसारख्या चालल्या होत्या. (ती हसते.) (पेला फुटतो.) कुठेही आगाऊपणा नाही. तो सगळा मी मागे उभी राहून करत होते.

"हसते आहे की दाढ दुखतेय हिची? आणि हा ठोंब्या! फोन कर ना, खिशात काय शोभेला ठेवलायस? घ्या, निघाला पळत. पळ बाबा, पळ."

ताईचे खांदे हलत होते. मला वाटलं, सिनेमा आवडतोय. चला, नोकरी वाचली.

सिनेमा संपला. ताईने मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"साहेबांना कळवलं. पास आहेस. ओळी स्वच्छ आहेत."

मी हुश्श केलं. इस्त्री बंद केली.

"पण मला दुसऱ्याच ओळी जास्त आवडल्या," म्हणत तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

पडद्यावर अक्षरं होती. हसते आहे की दाढ दुखतेय हिची. हा ठोंब्या. मधला एखादा शब्द चुकलेला, बाकी सगळं जिथल्या तिथे. खोलीत कुणी बोललं की हा मोबाइल ते लिहून काढतो. माझंच काम, आणि पगार न घेता. जगाचं बोलणं लिहिणारी मी, माझं कुणी लिहून घेत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी हसायचा प्रयत्न केला. ताईचं बोट पडद्यावर फिरत होतं. ओळी मागे मागे जात होत्या. कालच्या. परवाच्या. भांडी घासतानाच्या. एका ठिकाणी बोट थांबलं.

ही आहे तोवर माझं काही खरं नाही. हिच्यापायी माझं लग्न राहिलं. जाईल तेव्हा सुटेन.

मी इस्त्रीची वायर गुंडाळू लागले.

"ते... चिडून बोलले गं मी," मी म्हणाले. पण मान खाली होती. तिला माझे ओठ दिसले नसणार.

"सिनेमात पावलं कुणाची ते तू बघणाऱ्यांना आधीच सांगून टाकलंस," ताई म्हणाली. "मला मात्र माझ्याच घरात मागे कोण उभं आहे ते कळायला यंत्र आणावं लागलं."

तिने मोबाइल बंद केला आणि पालथा ठेवला. दुसरी खुर्ची ओढून स्वतःच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली.

"बैस. पाठीमागे बोललीस ते आता समोर बोल. एकही शब्द बदलायचा नाही. तुमचा नियमच आहे ना तो?"

मी बसले. ताई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला आवाज नकोच होता, नुसते ओठ हलले असते तरी पुरलं असतं. माझे ओठ हलेनात.