बर्फावरचा पट्टा

इर्या परत येणार नाही हे गावाला कळलं, त्या दिवशी मी सरोवराच्या काठावर उभी होते. मागच्या ट्रेलरमध्ये माशांचे रिकामे क्रेट होते. जाळी काढायला ती पातळ बर्फावर चालत गेली होती. माणसांनी फक्त तिची लोकरी टोपी आणली. तिच्या नवऱ्याने, ताउनोने, ती माझ्या सीटवर ठेवली आणि दार लावायचं विसरला.

मित्रांनो, मी एक जुनी, लहान पण चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे. फिनलंडच्या उत्तरेकडच्या या खेड्यात माझं आयुष्य गेलं. मला निवडलं इर्याने. ताउनोला दांडगी गाडी हवी होती. शेजारचा ओइवा सोबत आला होता.

"ही गाडी आहे की हातमोजा?" तो हसला. "इर्या, यात ताउनोचं पोट कुठे ठेवशील?"

"ट्रेलरमध्ये! उंच आहे, हलका ट्रेलर ओढते, आणि बर्फालाही झेपायला हवी ना रे!"

मी लाकडं ओढली, मासे ओढले. ओइवाची दांडगी गाडी खड्ड्यात रुतली तेव्हा दोर माझ्याच आकड्याला बांधला. रोज संध्याकाळी इर्या माझी इंजिन तापवणारी वायर अंगणातल्या विजेच्या खांबाला लावायची, म्हणजे सकाळी इंजिन गरम मिळे.

ती गेल्यावर वायर कुणी लावली नाही. तरी कडक थंडीतही सकाळी माझं इंजिन कोमट असायचं. इर्या बुटकी होती. ताउनो सीट मागे सरकवून उतरायचा, आणि सकाळी ती पुढे आलेली असायची. तो सीट पुन्हा मागे सरकवायचा.

वसंताच्या तोंडावर गोठलेल्या सरोवरावरून जाणारा बर्फाचा रस्ता बंद झाला. ताउनोने मला ट्रेलर जोडला.

"कुठे निघालास?" ओइवा धावत आला. "बर्फ काळा पडलाय! बदकंही उतरत नाहीत त्यावर!"

"जाळी आणायला."

"जाळी गेली खड्ड्यात! अरे, सीटचा पट्टा तरी सोड, शहाण्या!"

आमच्याकडे बर्फावर कुणी पट्टा बांधत नाही. बर्फ फुटला तर उडी मारता यायला हवी. ताउनोने तो घट्ट बांधला होता. तेव्हा मला कळलं, त्याला परत यायचं नव्हतं.

चाकांखाली बर्फ कण्हला. पाणी वर आलं. आणि पट्ट्याची कडी आपोआप सुटली. त्याने पुन्हा लावली. पुन्हा सुटली. शेजारची रिकामी सीट हळूच दबली. त्या बाजूची काच आतून धुरकट झाली, श्वासाने होते तशी.

"इथेच बसून होतीस?" ताउनो म्हणाला. त्याने रिव्हर्स गिअर टाकला. "बरं बाई. जातो परत."

ट्रेलर मागे घेणं त्याला कधीच जमलं नव्हतं. तो आरशात बघत राहिला आणि ट्रेलर सुतासारखा सरळ गेला. आरशात त्याला काय दिसलं, मला माहीत नाही.

काठावर ओइवा रडत शिव्या देत होता.

आता उन्हाळा आहे. ताउनो रोज ओइवाकडे कॉफीला जातो. मित्रांनो, गाड्यांची काळजी घ्या, पण मागे राहिलेल्या माणसांची आधी घ्या. हिवाळ्यातली, बर्फावर न घसरणारी खिळ्यांची चाकं मला इर्याने स्वतः बसवली होती. गावातल्या सगळ्या गाड्यांची उतरली. माझी अजून उतरवलेली नाहीत.