एका बरणीची चव

आमच्या घरात काहीही शिजवा, त्याचं कालवणच होतं. मस्करी करत नाही, रागानं सांगतेय.

बोंबील केले, कालवण. अंडी केली, कालवण. सोमवारी मासे नाहीत म्हणून वाटाणा केला, तर वाटाण्याचं कालवण. रेवदंड्याच्या बंदरात नवऱ्याची होडी लागते. आलेलं म्हावरं विकून जे उरेल ते माझ्या दारात येतं, आणि मी ते त्याच टोपात, त्याच चिंचेत, त्याच मसाल्यात सोडते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. एक दिवस टोपात पळी फिरवता फिरवता मला इतका वीट आला, की पळी मोरीत फेकली आणि पोरीला हाक मारली.

"प्रणाली, तुझा मोबाईल दे इकडं. मला कायतरी नवं करायचंय."

पहिला पास्ता केला. अलिबागवरून पाकीट आणलं, टोमॅटो आणले, लसूण ठेचली. मोबाईलमधली बाई गोड हसत म्हणाली, आता एक चमचा लाल तिखट घाला. घातलं. पोरगी एक घास खाऊन फिदीफिदी हसायला लागली.

"आये, हे तर बोंबलाचं कालवण झालंय. फक्त बोंबील न्हाईत."

मग मंचुरियन केलं. मग राजमा. मग एक कसलासा परदेशी भात. ती बाई दर वेळी लाल तिखट घाला म्हणे, मी दर वेळी घालायचे, आणि दर वेळी तीच चव. सगळा खर्च, सगळी धडपड मुसळ केरात. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात लाल तिखट नाहीच! आमच्याकडं एक बरणी आहे. मे महिन्यात मिरच्या, धणे, तिरफळं, दगडफूल सगळं एकत्र भाजायचं, कांडपवर नेऊन कुटून आणायचं, बरणीत दाबून वर हिंगाचे खडे ठेवायचे. मग वर्षभर तेच तिखट, तोच गरम मसाला, तोच देव. बरणी शेगडीच्या उजव्या हाताला. हात न बघता तिकडं जातो.

आणि नवऱ्याचं ऐका. अनंता तो पास्ता बोटांनी ओरपत म्हणाला, "झ्याक झालाय गो. आपल्यासारखाच लागतोय."

अरे मेल्या! त्यानं ताट बाजूला सारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. ह्या शाबासकीनं माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी बरणीवर फडकं टाकून ठेवलं, हात जाऊ नये म्हणून. दुधातली भाजी केली, नुसती मिरपूड घालून. पांढरी, मऊ, छान वास सुटलेली. चाखून बघितली तर खरंच वेगळी. मला एवढा आनंद झाला, की मी सगळ्यांना हाका मारून वाढलं. अनंतानं दोन घास खाल्ले.

"कोन आजारी हाय का घरात?" मग पोरीला म्हणाला, "बरणी आण."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं त्या पांढऱ्या भाजीवर चमचाभर मसाला भुरभुरला. वर माझी सासू, सगुणाबाई, तिनंही ताट पुढं केलं. "मला पन घाल रं." मी उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. नाहीतर हातून काय झालं असतं ते देवच जाणे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून नुसत्या मिरचीपुडीचं पाकीट आणून डब्यात भरलं. आठवड्याभरात डबा रिकामा. सासूनं ती पूड बरणीत ओतली होती. म्हणे, "एका घरात दोन दोन तिखटं कशाला?"

कपाळ माझं! पण मी ठरवलं, मे येऊ दे. आमच्याकडं जे भांडायचं ते मिरच्या कुटायच्या आधी भांडायचं. एकदा सगळं एकत्र कुटलं, की त्यातून मिरची वेगळी काढता येत नाही. मग पुढचं वर्षभर मुकाट्यानं तेच गिळायचं.

मिरच्या आल्या. बेडगी, संकेश्वरी. गच्चीवर ऊन देऊन झाल्यावर ओटीवर लाल ढीग पडला आणि आम्ही सासू-सुना देठं खुडायला बसलो. अनंता दाराशी जाळं दुरुस्त करत होता. दुसऱ्या दिवशी कांडपवर नंबर लावलेला. मी म्हटलं, "ह्यातल्या अर्ध्या मिरच्या मी नुसत्या कुटणार. मसाल्यात घालणार न्हाय."

"यडी झालीस काय?" अनंता म्हणाला. "घरची चव हाय ती. माझ्या आज्यापासून चालत आलेली."

"चव तुमच्या आज्याची आणि हात माझा! तुमी कदी रांधलंय? मला विचारलंय कदी, नलू, तुला काय खावंसं वाटतं?"

"सगळे तर खातात. तुलाच कसली थेरं सुचतात? आये, सांग हिला."

मी सासूकडं बघितलं. तयारीतच होते मी. कारण ही बाई काय करते ते मला पक्कं माहीत होतं. मी नवी नवरी असताना मुरुडच्या माझ्या माहेरासारखं कालवण केलं होतं. मसाला कमी, खोबरं जास्त. तेव्हा ह्याच सगुणाबाईनं तापलेली पळी माझ्या मनगटावर मारली होती. "ह्या घरात असं न्हाय चालत," एवढंच म्हणाली होती. डाग गेला, पण मी तो विसरलेले नाही.

सासू देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "मला काय इचारतोस? मला ते कालवन कदी आवडलंच न्हाय."

जाळ्यातली सुई थांबली.

"काय म्हनालीस?" अनंता म्हणाला.

"ह्यो मसाला रं. पोटात आग पडते माझ्या. आमच्या चौलला आय नारलाचा रस काढायची, हिरवी मिरची, कैरी घालायची. पांढरंशिप्पट व्हायचं. लगीन झाल्यावर तुझ्या बापाला केलं एकदा. त्यानं ताट अंगणात भिरकावलं. मंग न्हाय केलं."

तिचा नवरा, येसाजी, जाऊन किती वर्षं झाली. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. आणि ही बाई, भरती किती वाजता लागेल ते सांगावं तशी हे सांगत होती.

तुम्हाला वाटेल माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अजिबात नाही. मी अशी पेटले, की हातातल्या मिरच्या ढिगावर आपटल्या.

"तुमाला आवडत नव्हतं? मग माझ्या हातावर पळी का मारलीत? मी तर खोबरंच घातलं होतं ना! तुमाला पाहिजे तेच करत होते ना मी! एवढी वर्षं मला ह्या बरणीला का जुंपलंत?"

सासूनं पहिल्यांदा मान वर केली.

"मंग काय मी एकटीच खात बसू?"

इतकं खरं आणि इतकं दुष्ट कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. मी उठले, तिच्या दंडाला धरून तिलाही उठवलं.

"चला आत."

"अगो, म्हातारी मानूस हाय ती," अनंता म्हणाला.

"तुमी गप बसा!"

सकाळचे बांगडे साफ करून ठेवलेले होते. मी नारळ फोडला, खोवला, मिक्सरला फिरवून घट्ट रस पिळला. कैरी कापली, हिरव्या मिरच्या मोडल्या. सगळं एवढं आपटून केलं, की शेजारी ऐकू गेलं असेल. मग टोप शेगडीवर ठेवला आणि पळी सासूच्या हातात दिली.

"करा. तुमच्या आयेनं करायची तसं करा. मला बघायचंय."

ती टोपासमोर नुसतीच उभी राहिली.

"आधी लसून..." ती म्हणाली. "न्हाय. आधी रस का? हलद घालायची का गो आय त्यात?"

ती मला विचारत होती. मला! मी काय तिच्या आयेला बघितलं होतं? शेवटी तिनं आपल्या मनानंच लसूण टाकली, रस ओतला, मिरच्या सोडल्या. रसाला कड आला. तिनं एकेक बांगडा अलगद सोडला, कैरी टाकली, पळी एकदा फिरवून ओट्यावर ठेवली आणि वाकून वास घेतला. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. असा मी तो आजवर बघितला नव्हता.

आणि टोपाकडं बघत असतानाच तिचा उजवा हात बाजूला गेला. फडकं सारलं, बरणीचं झाकण फिरवलं, चमचा भरला.

मी तिचं मनगट पकडलं. दुसऱ्या हातात माझ्याच नकळत ओट्यावरची पळी आली होती. गरम होती ती. तिनं पळी बघितली, पण हात मागं घेतला नाही.

"मार," ती म्हणाली. "हात ऐकत न्हाय गो माझा."

देवाशपथ सांगते, मारावीशी वाटली. मग मी पळी मोरीत टाकली. बरणी उचलली, एका ताटात नुसता भात वाढला, आणि दोन्ही नेऊन ओटीवर अनंताच्या पुढ्यात आपटली.

"हे घे. घरची चव. भातावर घाल आणि खा."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं. त्यानं आ वासला.

आत आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मीठ कमी पडलं होतं, कैरी जास्त झाली होती. सासूनं पहिला घास किती तरी वेळ तोंडात ठेवला.

"असंच व्हायचं?" मी विचारलं.

"न्हाय आठवत," ती म्हणाली. मग तिनं आणखी भात घेतला, वर दोनदा रस घेतला आणि ताट बोटांनी पुसून खाल्लं. मी अजून रागातच होते. पळीचा हिशेब माझ्या मनात तसाच होता. तरी मी तिला तिसऱ्यांदा वाढलं.

हात धुऊन ती ओटीवर गेली, मांडी घालून बसली आणि मिरच्यांचा ढीग हातानं सारून दोन भाग केले. एक भाग माझ्याकडं लोटला.

"आये," अनंता भाताचं ताट धरून म्हणाला, "अगो, मग मसाला कमी न्हाय का पडनार? घरच्या चवीचं काय?"

सगुणाबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. पुढच्या मिरचीचं देठ खुडलं.

"तुझ्या बापाच्या फोटूला दाखव त्याचा निवद."